अहवालातला एक शब्द

श्रोतेहो, नमस्कार. सरकारी अनुदानावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकावर दडपण येते ते बहुधा लेखी आदेशाने येत नाही. पुन्हा सांगतो, ते लेखी येत नाही. 2020-21 मध्ये आपल्या देशाने संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा 0.64 टक्के खर्च केला. त्यातही निम्म्याहून अधिक वाटा सरकारी तिजोरीचा असल्याने एक दार लागले की दुसरे ठोठावण्याची सोय फारशी उरत नाही.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारीवर माझा तीन वर्षांचा प्रकल्प होता. पानांतले पाणी उडून जाऊ नये म्हणून पांढऱ्या मातीचे द्रावण फवारायचे आणि फवारलेल्या-न फवारलेल्या ओळींतले धान्य वेगवेगळे तोलायचे. पहिल्या वर्षी काटा थोडा झुकला. पुढची दोन्ही वर्षे पाने पांढुरकी दिसली, धान्य मात्र सारखेच भरले. मी अहवालात तसेच लिहिले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अनुदान देणाऱ्या कार्यालयातून फोन आला. अधिकारी अतिशय सौजन्याने म्हणाले, "सर, आकडे बदलू नका, निष्कर्षात फक्त 'आशादायक' एवढा शब्द घाला, म्हणजे मुदतवाढीचा प्रस्ताव पुढे सरकवता येईल." माझ्यासमोर प्रकल्पावरचा मुलगा अनुदान कशावर खर्च झाले ते सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राचा 12-अ नमुना भरत बसला होता आणि मुदतवाढ न मिळाल्यास एप्रिलपासून त्याची पाठ्यवृत्ती थांबणार होती.

मी तो शब्द घातला. आकडा एकही बदलला नाही, केवळ शब्द घातला, आणि मुदतवाढ मिळाली.

त्या अहवालावरून शेतकऱ्यांसाठी घडीपत्रिका निघाली, तिच्यात 'आशादायक'चे 'फायदेशीर' झाले. पुढच्या हंगामात, ज्यांच्या रानात आम्ही धान्य तोलले होते ते आप्पा ती पत्रिका घेऊन माझ्या खोलीत आले.

"सर, औंदा फवारणी मारू का?"

"नका मारू, आप्पा."

त्यांनी पत्रिकेची घडी उलगडून टेबलावर पसरली, हाताने सारखी केली आणि विचारले, "मग हे छापलं कशाला?"