गाडीवर वाजणारा फोन घरचा असतो

मंडळी, पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'किशोरवयीन मुलं, वाहन आणि मोबाइल' असा छापलाय. तो वाचून बऱ्याच पालकांना वाटलं असणार, चला, आज कुणीतरी आमच्या पोरांचे कान उपटणार! काहींनी मुलांना ओढून आणलेलंही दिसतंय, शेवटच्या रांगांत बसलीत. बाळांनो, निवांत बसा. मला बोलायचंय ते पुढच्या रांगांशी.

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. वेग, काळ, अंतर हे गणित मुलं चुटकीसरशी सोडवतात. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 11 मीटर. आलेला मेसेज नुसता वाचायला पाच सेकंद धरा. झाले 55 मीटर, न बघता. उत्तराभोवती चौकट आखतात, खाली दोन रेघा मारतात. आणि तास सुटला की तीच मुलं मान डाव्या खांद्यावर पाडून, कान आणि खांद्याच्या मध्ये फोन दाबून पार्किंगमधून बाहेर पडतात. मुलींचं तंत्र वेगळं. उन्हासाठी स्टोल बांधतानाच फोन त्यात कानापाशी खोचून टाकायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. आपल्या सोलापुरात एप्रिलात पारा 42-43 वर जातो, स्टोल हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण स्टोलात खोचलेला फोन वाजला की आधी तो उचलायला हात वर जातो, आणि हँडलवर एकच हात उरतो.

तर एके वर्षी मी वर्गाला मैदानावर घेऊन गेले. शिपाईमामांकडून फक्की मागवली आणि दोन समांतर रेषा मारून घेतल्या. लांबी 55 मीटर, मध्ये अंतर दीड मीटर. रस्त्याच्या कडेनं जाणाऱ्या दुचाकीला आपल्याकडे मिळून मिळून तेवढीच जागा मिळते. डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि दोन रेषांच्या मधून चालत जायचं. चालत हं, पळत नाही.

पहिला आला तो आमचा कबड्डीपटू. अंगानं आडदांड, स्वभावानं गरीब. "मॅडम, हे तर सोप्पं है की!" पहिली काही पावलं झकास टाकली. मग डावा बूट रेषेवर पडला, फक्की उडाली. त्याला पत्ता नाही. पोरं ओरडायला लागली, "अरे उजवीकडं, उजवीकडं!" तर तो उजवीकडे इतका वळला की दुसरी रेषाही ओलांडून गेला. थांबून रुमाल काढला तेव्हा महाशय पाण्याच्या नळाशी उभे, आणि चेहऱ्यावर असं आश्चर्य, की मैदानच कुणीतरी हलवलंय. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तोही हसला. पायी चालताना ही गत, तर गाडीवर काय, एवढंच मला दाखवायचं होतं, आणि प्रयोग तिथंच संपला असता.

पण तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. बघून म्हणाला, "मम्मी है."

मी विचारलं, "आत्ता गाडीवर असतास तर उचलला असतास?"

"उचलावाच लागतो, मॅडम. नाही उचलला तर परत परत लावते, आणि मग पप्पांना सांगते."

"आणि मित्राचा असता तर?"

"मित्राचा कट करतो. मम्मीचा कसा कट करायचा?"

मंडळी, पुढच्या सगळ्या वर्षांत मला या विषयावर यापेक्षा महत्त्वाचं वाक्य कुणी ऐकवलेलं नाही. आपण धरून चाललेलो असतो की मुलगा गाडीवर बोलतोय म्हणजे मित्राशी, मैत्रिणीशी, नाहीतर रील बघतोय. त्या दिवशी मी मुलांना म्हटलं, गाडीवर असताना आलेले फोन आठवून सांगा. आई, पप्पा, आई, आजी, मम्मी, काका. मित्रांचे फोन होते, पण त्यांना कुणी भीत नव्हतं.

आपल्या सोलापूरची तर गंमतच. 'कुठं हैस?' हा प्रश्न इथं चार भाषांत विचारला जातो. मराठी सोडून पूर्व भागात तेलुगूत 'एक्कड उन्नाव?', अक्कलकोटकडची घरं असतील तर कन्नडमध्ये 'एल्लि इद्दी?', विजापूर वेशीत दखनीत 'कां है तू?'. भाषा कुठलीही असो, वेळ तीच. कॉलेज सुटून क्लासला जाण्याच्या मधली. पोरगं त्या वेळी कुठं असतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. ते रस्त्यावर असतं!

आणि रस्ता कसला? हिवाळ्यात मार्केट यार्डात कांद्याची आवक सुरू झाली की हैदराबाद रोडला ट्रकच्या रांगा लागतात. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, आणि त्यांतल्या कितीतरींना मागं लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. जड वाहतूक शहरातून बंद करा म्हणून आपण सगळे वर्षानुवर्षं ओरडतोय, आणि ते ओरडणं शंभर टक्के रास्त आहे, मीही निवेदनांवर सह्या केल्यात. पण उसाच्या ट्रेलरमागून सोळा वर्षांची मुलगी स्कूटरवरून जातेय आणि त्याच क्षणी तिच्या कानाशी आपण वाजतोय, हे थांबवायला कुठल्याही निवेदनाची गरज नाही.

पालकसभेत हे मांडलं की ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, काळजी वाटते म्हणून फोन करतो." मला ती काळजी खरी वाटते. म्हणूनच मला...

कार्यवाहांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं. मग जे मुद्देसूद सांगायचं ठरवून आले होते, ते आता धावत सांगते.

पहिलं, आकडे. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेनं ट्रकचालकांच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवून अभ्यास केला, तो 2009 मध्ये जाहीर झाला. मेसेज करणाऱ्या चालकाची नजर सहा सेकंदांतले जवळपास साडेचार सेकंद रस्त्यावर नव्हती, आणि अपघाताचा धोका 23 पट वाढलेला दिसला. हे पोटापाण्यासाठी गाडी चालवणारे मुरलेले चालक. अमेरिकेतलाच आणखी एक अभ्यास 2014 चा. गाडी चालवताना फोनवर बोलतो असं सांगणाऱ्या किशोरवयीन मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी सांगितलं की पलीकडे आई किंवा वडील असतात. आमच्या कबड्डीपटूचं म्हणणं तिकडंही खरंच निघालं.

दुसरं, अनुकरण. आपलं मूल ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकत नाही. तीन वर्षांचं असताना ते स्कूटरवर पुढं उभं राहतं, आरशाला धरून, आणि डोक्यावरून बाबांचं बोलणं ऐकत असतं. "हां, निघालोय, सात रस्त्याला आलोय." तिथं त्याचं शिक्षण पुरं होतं.

तिसरं, कायदा. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. आज पेट्रोलवरची तशी गाडी शोरूममध्ये शोधून दाखवा. रस्त्यावर दिसतात त्या 110, 125 च्या. म्हणजे अठरा पूर्ण व्हायच्या आत त्या चालवणारी मुलं बेकायदा चालवताहेत, आणि किल्ली आपण दिलेली आहे. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मे 2024 मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन आरोपीला जामिनासाठी लिहायला सांगितलेला 300 शब्दांचा निबंध घरोघरी चर्चेला आला. हे कलमही त्याच पंक्तीत वाचा.

शेवटचं, दोन मिनिटांत होणारं काम. मुलांच्या फोनमध्ये गाडी चालवतानाचा मोड असतो. तो चालू केला की घंटी वाजत नाही, आणि फोन करणाऱ्याला 'गाडी चालवतोय, नंतर बोलतो' असा मेसेज आपोआप पाठवायची सोय बऱ्याच फोनमध्ये आहे. मागच्या रांगेतली मुलं तुम्हाला आत्ता इथं बसल्या बसल्या लावून दाखवतील. फक्त उद्या दुपारी तो मेसेज तुम्हाला आला, की लगेच दुसऱ्यांदा फोन लावू नका, आणि पप्पांनाही सांगू नका.