इंदूरहून ओंकारेश्वर : ई-सायकल, नाव आणि धरणाची वेळ

नमस्कार मंडळी!

आपण इंदूरकर ओंकारेश्वरला कधी जातो? पुण्याचे पाहुणे आले की. नवीन लग्न झालं की. मुलाचा निकाल चांगला लागला की. पोहे-जिलबी हाणून सकाळी गाडी काढायची, भेरूघाटात ट्रकच्या मागे रांगायचं, मग देवळात रांग, बाहेर चहा-कचोरी आणि दिवेलागणीला घरी. नर्मदा दिसते ती झुला पुलावरून, तीही सेल्फीत आपल्या खांद्यामागे.

ह्या सगळ्यात एक गोष्ट बघायची राहून जाते. ओंकारेश्वर म्हणजे नुसतं देऊळ नाही, ती नदीची एक दरी आहे. दोन्हीकडे कडे, मध्ये खोल पाणी, आणि त्या पाण्यात मांधाता बेट. ही दरी नीट बघायची तर दोन वाहनं लागतात: रस्त्यासाठी सायकल आणि पाण्यासाठी नाव. म्हणून आजचा व्हिडिओ. ई-सायकल आणि नाव, एका दिवसात, गाईड न घेता.

आता गाईड घ्यायचा नाही, तर गाईडला जे माहीत असतं ते आपल्याला माहीत पाहिजे. देवळांच्या कथा फोनवर मिळतील. खरी माहिती दोनच गोष्टींची लागते. आपल्या बॅटरीत किती आहे, आणि वरच्या धरणातून किती सुटतंय. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी तिच्यावर जास्त वेळ बोलणार आहे. कंटाळा आला तर पुढे ढकलू नका, हाच भाग कामाचा आहे.

आधी सायकल. ई-सायकल म्हणजे ई-स्कूटर नव्हे. मोटर 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर आपल्या मोटार वाहन नियमांप्रमाणे ते मोटार वाहनच धरत नाहीत. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. हेल्मेट मात्र घाला, ते नियमासाठी नाही, डोक्यासाठी.

पहिला प्रश्न कमेंटमध्ये येणारच: "ताई, थेट इंदूरहून सायकलवर नाही का जाता येणार?" येतं. जाऊ नका.

(पडद्यावर नकाशा)

हे बघा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर. नर्मदेकाठी उतरलात की दीडशे-पावणेदोनशे. म्हणजे जवळजवळ 400 मीटर खाली. जाताना मजाच मजा. पण संध्याकाळी तेवढंच वर चढायचंय. तुम्ही, सायकल आणि पिशवी मिळून 100 किलो धरा. 100 किलो वजन 400 मीटर वर न्यायला नुसत्या हिशेबाने 109 वॉट-तास एवढी वीज लागते. मोटर काही शंभर टक्के काम करत नाही, तेव्हा दीडशे धरा. हे फक्त चढायचे झाले, पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर अंतराचे वेगळेच. बाजारातल्या साध्या ई-सायकलची बॅटरी असते 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तास. गुणाकार करा: 360 वॉट-तास. भाकरी एक आणि खाणारे चार!

"पण ताई, उतारावर चार्ज होते ना?" नाही होत. आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींना चाकातच बसवलेली गिअरवाली हब मोटर असते, उतारावर ती मोकळी फिरते. बॅटरीत काही परत जात नाही, फक्त ब्रेकच्या डिस्क तापतात. आणि भेरूघाटातली वाहतूक तुम्हाला माहीतच आहे. ट्रक, बस, त्यात चौपदरीकरण. तिथे सायकल चालवणं हे धाडस नव्हे, बिनडोकपणा आहे. माझं स्पष्ट मत.

म्हणून घाट गाडीने उतरा. सायकल मागच्या रॅकवर, नाहीतर पुढचं चाक काढून डिकीत. सिमरोल, बडवाह, मग नर्मदेचा पूल आणि पलीकडे मोरटक्का. गाडी तिथे एखाद्या ढाब्यावर विचारून लावा, चहा-नाश्ता तिथेच करा म्हणजे मालकही खूश. मोरटक्क्यापासून ओंकारेश्वर 12 किलोमीटर. जाऊन-येऊन 24, गावातलं इकडेतिकडे धरून 28.

पायडल मारत, मोटरची मदत मधल्या नंबरवर ठेवून चाललात तर किलोमीटरला आठ ते दहा वॉट-तास जातात. म्हणजे 360 मधले 280 गेले तरी हाताशी काहीतरी उरतं. पण पाय वर उचलून नुसता थ्रॉटल पिळत बसलात, तर हा हिशेब दीडपट होतो आणि परतीच्या वाटेवर बावीस किलोची सायकल तुमच्या पायांवर येते. दुकानदार जो आकडा सांगतो तो सपाट रस्त्याचा, हलक्या माणसाचा आणि नव्या बॅटरीचा असतो. मी त्यातला एक तृतीयांश आधीच वजा करते.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. निमाडातला, म्हणजे घाटाखालच्या नर्मदाकाठच्या मुलखातला, साधा रस्ता आहे, शेतं, मध्येमध्ये चढउतार, सकाळी थंड. निघायचं सातच्या आत. सोमवार, अमावस्या, शिवरात्र, श्रावण: ह्या दिवसांत नकोच. गर्दीच्या दिवशी गाड्या गावाबाहेरच अडवतात आणि घाटावर पाय ठेवायला जागा नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये निमाडचं ऊन काय असतं ते आपल्या माळव्यातल्या माणसाला कळत नाही. आपल्याकडे रात्र तरी गार होते, तिथे दरीतला दगड रात्रीही तापलेला असतो.

गावात पोचलात की सायकल घाटावर नेऊ नका. पायऱ्या आहेत, गाई आहेत, ओलं आहे. दक्षिण काठावर, ममलेश्वराच्या देवळाच्या बाजूला, एखाद्या धर्मशाळेत किंवा भोजनालयात ठेवा. बॅटरी काढून सोबत घ्या, दोन-तीन किलोचीच असते. तिथेच विनंती करून चार्जिंगला लावता आली तर सोन्याहून पिवळं. पण दोन अँपिअरच्या चार्जरने रिकामी बॅटरी भरायला पाच तास जातात, तेव्हा जेवणाच्या तासाभरात पोट भरेल, बॅटरी नाही. नावेत बॅटरी घेऊन अजिबात बसू नका, त्या वेळेपुरती ती तिथेच सांभाळायला द्या.

आता पाणी.

घाटावर उभे राहिलात की प्रवाहाच्या वरच्या अंगाला बघा. ती आडवी काँक्रीटची भिंत म्हणजे ओंकारेश्वर धरण. 2007 मध्ये त्याची वीज सुरू झाली. 65 मेगावॉटची आठ यंत्रं, एकूण 520. त्याच्याही वर, पुनासाजवळ, इंदिरा सागर. तिथे 125 मेगावॉटची आठ यंत्रं, म्हणजे 1000. तिथून सुटलेलं पाणी ह्या जलाशयात येतं आणि इथून सुटलेलं तुमच्या पायाशी.

जलविद्युतचा मोठा गुण हा की ती झटपट चालू होते. कोळशाचा बॉयलर तापायला तास लागतात, पाण्याचं टर्बाइन काही मिनिटांत फिरतं. त्यामुळे राज्यात विजेची मागणी वाढली की यंत्रं चालू, उतरली की बंद. मागणी कधी वाढते? सकाळी आणि दिवेलागणीला. म्हणजे आपल्या इंदुरात गिझर लागतात, दिवे लागतात, आणि ओंकारेश्वरला नदीची पातळी चढते. वर निळंभोर आकाश असतं, पावसाचा थेंब नसतो, आणि अकरा वाजता जो खडक कोरडा होता त्याच्यावरून पाणी वाहत असतं.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये. एप्रिल 2005 मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला अमावस्येची यात्रा भरली होती. लोक नदीच्या पात्रात होते. इंदिरा सागरमधून सोडलेलं पाणी आलं आणि कितीतरी यात्रेकरू वाहून गेले. उन्हाळ्याचे दिवस, पुराची कुणाला शंकासुद्धा येणार नाही अशी वेळ. ते धाराजी आता ओंकारेश्वरच्याच जलाशयाखाली आहे.

म्हणून पाणी वाचायला शिका. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. तो ऐकला की पात्रातल्या खडकावर एक मिनिटही थांबायचं नाही, फोटो राहिला तर राहिला. पण फक्त भोंग्यावर विसंबू नका.

(इथे जवळून दाखवते)

ही पायरी बघा. पाण्याच्या वर वीतभर काळसर ओला पट्टा दिसतोय? त्याच्यावर बोटभर शेवाळ, त्याच्यावर कोरडा पांढुरका दगड. ओला पट्टा असा रुंद दिसला की पाणी उतरतंय. मघा ते इथपर्यंत होतं. आणि ओला पट्टा नाहीच, पाणी थेट कोरड्या दगडाला चाटतंय, पायरीवरचं पान-फूल उचललं जातंय, तर पाणी चढतंय. आणखी एक खूण: काठाला बांधलेल्या नावांचे दोर. मघाशी ताणलेला दोर आता सैल पडून पाण्यात लोळतोय? नाव वर आली, म्हणजे पाणी वर आलं. एक पायरी मनाशी ठरवा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. तेवढ्या वेळात चहाही होतो.

आणि मग नाववाल्याला विचारा. मराठीत नको, भाव वाढतो! सरळ: "भैया, आज पानी कब छूटेगा?" त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्याला अंदाज असतो. "अभी मत जाओ" म्हणाला तर वाद घालू नका. दुसरा तयार झाला म्हणून त्याच्या नावेत बसू नका. लाइफ जॅकेट मागा, बांधून घ्या, नुसतं मांडीवर ठेवायचं नाही. भाडं माणशी की पूर्ण नावेचं, संगमापर्यंत की बेटाला पूर्ण फेरी, हे पाय नावेत टाकण्याआधी बोलून घ्या. बेटाची पूर्ण फेरी रोज होईलच असं नाही, उत्तरेकडच्या फाट्यात पाणी किती त्यावर ते असतं. धरणाच्या जवळ नाव जात नाही आणि जाऊही नये.

नावेतून काय बघायचं? आधी देवळाकडे नाही, कड्यांकडे बघा. आपण इंदूर-महूकडचे, आपल्या डोळ्यांना काळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, सवयीचा. इथे तो नाही. लाव्हाच्या खालचे, त्याच्याहून फार जुने थरांचे खडक इथे उघडे पडलेत. एकावर एक पट्ट्या, कुठे कललेल्या. पाण्यालगत त्या गुळगुळीत झाल्यात, वर अजून धारदार आहेत. कड्यावर मध्येच पुराची रेघ दिसेल. ती तुमच्या डोक्याच्या किती वर आहे ते बघा, म्हणजे मघाचं धरणाचं पुराण मी का लावलं ते कळेल.

आणि ॐ आकाराचं बेट? नावेतून तो आकार दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर नकाशावरही थोडं मन मोठं करावं लागतं. असो. पश्चिम टोकाला संगम आहे. बेटाच्या उत्तरेच्या प्रवाहाला इथे कावेरी म्हणतात. ती दक्षिणेतली नव्हे, ही निमाडची. श्रद्धा अशी की कावेरी नर्मदेला मिळते, तिच्यातून पलीकडे निघते आणि बेटाला वळसा घालून पुन्हा मिळते.

नावेत एक गोष्ट लक्षात असू द्या. काठावर पांढऱ्या कपड्यातले, पाठीवर झोळी, हातात दंड घेतलेले लोक दिसतील. हे परिक्रमावासी, नर्मदेला पायी प्रदक्षिणा घालणारे. त्यांत मराठी माणसं बरीच, पुण्या-नाशकापासून खानदेशापर्यंतची. ते नर्मदा ओलांडत नाहीत, त्यांना "चला, पलीकडे सोडतो" असं प्रेमानेसुद्धा म्हणू नका. "नर्मदे हर" म्हणा, पुरे.

उतरल्यावर पायांत दम असेल तर बेटाची परिक्रमा. साधारण सात किलोमीटर, पायीच. पायऱ्या, दगड, माकडं. वर गौरी सोमनाथ लागतं, तिथलं शिवलिंग प्रचंड आहे. पण माझा जीव सिद्धनाथाच्या देवळावर. जोत्यावर चारी बाजूंनी हत्ती कोरलेत, लढणारे, एकमेकांना ढुसण्या देणारे, बरेचसे सोंड-पाय तुटलेले. तिथे गर्दी नसते. 2023 साली उभारलेला शंकराचार्यांचा 108 फुटी पुतळा ह्याच बेटावर आहे, तो काही शोधावा लागत नाही.

सगळं एका दिवसात कोंबू नका. नाव आणि अर्धी परिक्रमा, किंवा नाव आणि दर्शन. नाव दुपारच्या आधी उरका. संध्याकाळी मागणी वाढते हे आता तुम्हाला माहीत आहे, आणि उतरत्या उन्हात पश्चिमेला तोंड करून नावेत बसलात तर डोळे दिपून काही दिसत नाही.

तीन-साडेतीनला सायकल काढा. बॅटरी अर्ध्याच्या खाली असेल तर मदतीचा नंबर एकवर आणा आणि पाय चालवा. उजेड असतानाच मोरटक्का गाठा, सायकल गाडीवर चढवा, घाट अंधाराआधी चढून जा.

राहिला "त्याच फेरीत रावेरखेडी होईल का?" हा प्रश्न, तो दरवेळी येतो. थोरले बाजीराव 28 एप्रिल 1740 ला तिथे नर्मदाकाठी वारले, त्यांची समाधी तिथे आहे, आणि मराठी माणसाने जायलाच हवं. पण ओंकारेश्वर करून त्याच बॅटरीत नाही. सनावदला मुक्काम करा, रात्रभर चार्जर लावा आणि सकाळी सायकल तिकडे वळवा.