मराठा पलटणीचे कर्नल वसंत

[पहाट. बेळगावचा कॅम्प. धुक्यातून धावणारे रंगरूट.]

पाच वाजायच्या आत कॅम्पात बुटांचा आवाज सुरू होतो. धुकं एवढं असतं की पोरं दिसतात मागाहून, आवाज आधी येतो. त्याच्याही पुढे उस्तादांची, म्हणजे शिकवणाऱ्यांची हाळी.

आपल्या गावांतून याचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. 'मराठा सेंटर' म्हटलं की झालं. मराठा लाइट इन्फंट्रीचं हे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. रेजिमेंट त्याहून कितीतरी जुनी. तिची पहिली बटालियन १७६८ सालची. 'जंगी पलटण' हे तिचं नाव आजही जवानांच्या तोंडी आहे. येळ्ळूर, उचगाव, खानापूर, निपाणी, पलीकडे चंदगड, गडहिंग्लज. या पट्ट्यातल्या घराघरांना सेंटरची वाट ठाऊक आहे. कुणाचा आज्जा त्या वाटेने गेला, कुणाचा काका.

दोरावर चढणारा हा मुलगा बघा. तळहात सोलून निघालेत. उस्ताद खालून ओरडतात, तो एक हात वर टाकतो. इथं आलेलं पोर पहिल्या महिन्यात रात्री घरच्या आठवणीने जागं असतं. दुसऱ्या महिन्यात पाठ टेकली की झोपतं. बूट चमकवायला शिकतं, रायफल डोळे मिटून खोलायला नि जोडायला शिकतं. आणि शेजारच्या खाटेवरचा गडी आपला आहे, हे शिकतं. ते कुणी वेगळं शिकवत नाही.

लष्करात बाकीचे लोक मराठा जवानाला प्रेमाने 'गणपत' म्हणतात. इथून बाहेर पडणारा प्रत्येक जण गणपत.

[कसम परेड. बँड. मैदानाच्या कडेला बसलेले आईबाप.]

कसम परेडचा दिवस. कडेला बसलेली माणसं रात्रीच्या गाडीने आलेली आहेत. पांढरी टोपी, नऊवारी, हातात पिशवी. समोर तिरंगा, धर्मगुरू, पवित्र ग्रंथ. रांगेतला प्रत्येक जण शपथ घेतो. हुकूम होईल तिथं जाईन, जीव गेला तरी. मग आईबापांच्या छातीवर गौरव पदक लावतात. या आजी पदक उलटं करून बघताहेत. त्यांना बघू द्या.

आणि ही गर्जना.

"बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!"

[शर्कत युद्धस्मारक. सकाळचं ऊन.]

मैदानापासून जवळच शर्कतचं स्मारक. १९१८ च्या ऑक्टोबरात, आजच्या इराकमध्ये, शर्कतच्या लढाईत ११४ वी मराठा पलटण लढली. पुढे हीच पलटण प्रशिक्षणाची पलटण होऊन बेळगावात आली. म्हणून इराकातल्या एका गावाचं नाव आपल्या कॅम्पात दगडावर कोरलेलं आहे. आपण रोज या रस्त्याने बाजाराला जातो. गाडी थांबवून एकदा वाचायला हवं.

सीमाभाग म्हटलं की बाहेरच्यांना एकच गोष्ट आठवते. १९५६, भाषेचा प्रश्न, बोर्डावरची अक्षरं. तो प्रश्न आमचा आहे, खरा आहे, आणि आम्ही तो मांडत राहू. पण या मातीतली पोरं आणखी एका सीमेवर उभी असतात, आणि तिथं त्यांच्यापुढे कोण चालत होतं, तेही आमच्या मुलांना सांगायला हवं.

कर्नल वसंत वेणुगोपाल. जन्म २५ मार्च १९६७. घर बंगळूरचं. देहरादूनच्या भारतीय सैन्य अकादमीतून १९८९ साली बाहेर पडले आणि ९ मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे रेजिमेंटच्या नवव्या बटालियनमध्ये, रुजू झाले. वय बावीस.

मराठा पलटणीत येणाऱ्या अधिकाऱ्याला जवानांची भाषा शिकावी लागते. ती लष्कराची रीत आहे, आणि शहाणी रीत आहे. जवान घरून आलेली चिठ्ठी घेऊन येतो तेव्हा दुभाष्या लागून चालत नाही. बंगळूरच्या घरातला मुलगा 'गणपत' मंडळींत गेला आणि पुढची अठरा वर्षं त्यांचा होऊन राहिला. जम्मू-काश्मीरमध्ये अनेकदा नेमणूक झाली. २००६ मध्ये ते त्याच पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, झाले. जिथं सेकंड लेफ्टनंट म्हणून पहिला सॅल्यूट घेतला, तिथलेच सीओ. सैनिकाला याहून मोठा मान ठाऊक नाही.

[गाव. कौलारू घर. पडवीत लोखंडी ट्रंक.]

सीओ म्हणजे कोण, हे पुस्तकात शोधू नका. पेन्शनीत आलेल्या या सुभेदार साहेबांना विचारा. त्यांची पलटण वेगळी, पण ट्रंक उघडतानाच ते सांगायला लागतात.

"सीओ साब म्हणजे पलटणचा बाप की! आठशे माणूस. कुणाच्या घरात काय चाललंय, त्याला ठाऊक पाहिजे."

ट्रंकेतून एकेक वस्तू निघते. घडी घातलेली ओजी, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन वर्दी. टोपीवरचं चिन्ह, बिगूल आणि तलवारी. पितळ काळवंडलंय, ते बाहीने पुसतात. डबा उघडून पदकं दाखवत नाहीत. आम्ही म्हटल्यावर दाखवतात.

सीओने मागे, मुख्यालयात राहून वायरलेसवर हुकूम द्यावेत, तर त्यात गैर काही नाही. आठशे जणांची जबाबदारी आहे. सुभेदार साहेब एवढंच म्हणतात, "पुढं साब दिसला, की जवानाचा पाय आपोआप उचलतो."

[डोंगरावर उतरणारे ढग. पावसाळी भातशेत.]

३१ जुलै २००७. त्या दिवसांत आपल्या शिवारात भात लावण उरकत आलेली असते. तिकडे काश्मीरमध्ये बर्फ वितळून नियंत्रण रेषेवरच्या वाटा मोकळ्या झालेल्या असतात, आणि घुसखोरी वाढते ती याच दिवसांत. उरी सेक्टरच्या उंच डोंगरातल्या दाट रानात घुसखोरांची टोळी शिरली होती. कर्नल वसंत यांनी घेरा टाकला. पळायच्या वाटा आधी बंद करायच्या, मग आत शिरायचं. आत शिरताना ते स्वतः पुढे होते. गोळ्या लागल्या. जखमी अवस्थेतही हुकूम देत राहिले, लढत राहिले. आठ घुसखोर मारले गेले. कर्नल वसंत आणि पलटणीतला एक लान्स नायक तिथं धारातीर्थी पडले.

वय चाळीस.

बंगळूरमध्ये लष्करी इतमामात अखेरचा निरोप. मागे आईवडील, पत्नी, दोन मुली. २६ जानेवारी २००८ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते मरणोत्तर अशोकचक्र. ते स्वीकारायला पत्नी सुभाषिनी वसंत उभ्या होत्या. नृत्यांगना असलेल्या सुभाषिनीताईंनी पुढे वसंतरत्न फाउंडेशन काढलं. शहीद जवानांच्या पत्नी आणि मुलांसाठी ते काम करतं.

अशोकचक्र हा शांतताकाळातला सर्वोच्च शौर्य सन्मान. कागदावर तो शांततेचाच काळ होता. गावात शवपेटी उतरवून घेणाऱ्या माणसांना हा शब्द समजावून सांगणं जड जातं.

आणि वसंत एकटे नाहीत. १९५७ मध्ये नागा टेकड्यांत कॅप्टन एरिक जेम्स टकर, २ मराठा. १९९३ मध्ये नागालँडमध्येच कर्नल एन. जे. नायर, १६ मराठा, केरळचे. २०११ मध्ये गुरेझला लेफ्टनंट नवदीप सिंग, पंजाबचे, १५ मराठासोबत. सगळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र. यांतल्या बहुतेकांच्या घरी मराठी बोलत नसत. पुढे ते होते, आणि मागे गणपत. हे लिहिताना आमचा ऊर भरून येतो, ते आम्ही लपवणार नाही.

[संध्याकाळ. गावाबाहेरचा रस्ता. धावणारा मुलगा.]

सुभेदार साहेबांचा नातू. बारावी झालीय. भरतीला १६०० मीटर धावावं लागतं, आणि साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण गुण. आज्जा मैलाच्या दगडावर बसलेत, हातात नातवाचाच मोबाईल, स्टॉपवॉच लावून. एका बाजूला ऊस, एका बाजूला भात. पोरगं वळणावर दिसतं, जवळ येतं, दगड ओलांडून गुडघ्यांवर हात टेकतं.

"किती, आज्जा?"

"पाच एक्केचाळीस."

तो पाणी मागतो. आज्जा बाटली देतात. घोटभर पिऊ देतात, परत घेतात, आणि स्टॉपवॉच शून्यावर आणतात.