वाइल्ड मॅजिक: गोंधळ हवाच, पण फासा कोणी उचलायचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलवर बसून फाशांनी खेळायचा पात्रांचा खेळ. पहिल्या लेव्हलची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, समोर चार गॉब्लिन. सॉर्सररने, म्हणजे जादूगार पात्राने, एक साधंसं स्पेल, म्हणजे मंत्र, टाकलं. खेळ चालवणारा डीएम म्हणाला, "डी-ट्वेंटी टाक." वीस बाजूंच्या त्या फाशावर आला 1. मग 1 ते 100 आकडा देणारे शंभराचे फासे, त्यावर 07. वाइल्ड मॅजिकच्या तक्त्यात लिहिलंय: फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, आणि स्फोटाचा मध्य म्हणजे तुम्ही स्वतः. आठ डी-सिक्स, म्हणजे सहा बाजूंच्या आठ फाशांएवढं, डॅमेज, सरासरी 28. या लेव्हलच्या सॉर्सररकडे हिट पॉइंट, म्हणजे जीव, असतात सात-आठ. म्हणजे जागेवर ठार. सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, जमला तरी 14 लागतात, आणि तेवढेही त्याला आडवं करायला पुरतात. गॉब्लिन गेले, पार्टी गेली, आणि सेशन सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झालाय.

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय वाइल्ड मॅजिकबद्दल, म्हणजे लहरी जादूबद्दल. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, अशी जादू.

असं काही घडलं की टेबलवर दोन गट पडतात. एक म्हणतो, वाइल्ड मॅजिक बंदच करा. दुसरा म्हणतो, तक्त्यातल्या वाईट ओळी खोडा, गमतीच्या ठेवा. मला दोन्ही पटत नाही. माझ्या मते बिघाड तक्त्यात कमी आणि एका साध्या प्रश्नात जास्त आहे: फासा टाकायचा हे ठरवलं कोणी?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचं 2014 चं प्लेयर्स हँडबुक काढा. सॉर्सररने पहिल्या किंवा वरच्या लेव्हलचं स्पेल टाकलं की डीएम त्याला डी-ट्वेंटी टाकायला सांगू शकतो. 'शकतो' हं, सक्ती नाही. आता डीएमच्या डोक्यावर आधीच दहा भानगडी असतात, त्यामुळे तो विसरतो. विसरला नाही तरी 1 येण्याची शक्यता पाच टक्के. पूर्ण संध्याकाळ जाते आणि काहीच घडत नाही. मग कधीतरी डीएमला आठवतं, नेमका तेव्हाच 1 पडतो, आणि त्या क्षणी खेळाडूने धोका पत्करलेला नसतो. त्याने फक्त स्पेल टाकलेलं असतं, जे त्याचं रोजचं काम आहे. ती फायरबॉलची ओळ लागण्याची शक्यता हजारात एक. पण लागते तेव्हा आभाळातून दगड पडल्यासारखी लागते. कोणी मागितलेली नाही, कोणी टाळू शकत नाही.

त्याच सॉर्सररकडे टाइड्स ऑफ केऑस नावाची सोय आहे. एका फाशावर ॲडव्हांटेज (दोनदा टाकून मोठा आकडा) घ्यायचा आणि त्या बदल्यात पुढे कधीतरी थेट तक्त्यावर फासा टाकायची तयारी ठेवायची. हा खरा सौदा! पण 2014 मध्ये तो फासा कधी टाकायला लावायचा हेही डीएमच्या मर्जीवर. 2024 च्या हँडबुकमध्ये ते सुधारलंय. टाइड्स वापरलं की स्लॉट (स्पेलचा ठरावीक कोटा) खर्चून टाकलेलं पुढचं सॉर्सरर स्पेल आपोआप तक्त्यावर जातं. तुम्ही जुन्या पुस्तकावर खेळत असाल तर हा एवढा एक नियम उचला. डीएमच्या आठवणीवर काही सोडू नका.

आता माझा आवडता नमुना. वॉरहॅमर फँटसी रोलप्लेची दुसरी आवृत्ती, 2005. तिथे जादूगार स्पेल टाकताना किती डी-टेन, म्हणजे दहा बाजूंचे फासे, टाकायचे हे स्वतः ठरवतो, आपल्या जादूची ताकद सांगणाऱ्या मॅजिकच्या आकड्यापर्यंत. बेरीज स्पेलच्या आकड्याएवढी किंवा जास्त झाली की स्पेल लागलं. पण दोन फाशांवर सारखा आकडा आला तर छोटी आफत, तिघांवर आला तर मोठी, चौघांवर आला तर महाभयंकर. याला तिथे झीन्चचा, म्हणजे त्या जगातल्या एका देवाचा, शाप म्हणतात.

(स्क्रीनवर आकडे)

समजा स्पेलला 12 हवेत. दोन फासे घेतलेत तर लागण्याची शक्यता 45 टक्के, आफतीची 10. तीन घेतलेत तर लागणार साधारण 83 टक्के, आफत 28. चार घेतलेत तर लागणारच म्हणा, 97 टक्के. पण आफत जवळपास निम्म्या वेळा.

हे आकडे घेऊन एक प्रसंग बघा. साथीदार जखमी पडलाय, ओगर नावाचा राक्षस त्याच्यापासून दोन पावलांवर. जादूगाराच्या हातात दोन फासे आहेत आणि तो तिसऱ्याकडे बघतोय. टेबलवर सगळे गप्प. एकजण म्हणतो "घे", दुसरा म्हणतो "नको". त्याने तिसरा उचलला आणि दोन सात पडले, तर कोणीही डीएमवर चिडत नाही. हात दाखवून अवलक्षण, पण हात त्याने स्वतः दाखवलाय. आफत तेवढीच लहरी आहे; फक्त तिला कारण मिळालं, आणि कारण मिळालं की त्याची गोष्ट होते.

डंजन क्रॉल क्लासिक्स या खेळानेही हीच नस पकडलीय. तिथे स्पेलबर्न आहे: आपली ताकद, चपळाई किंवा दमसास जाळायचा आणि तेवढे आकडे स्पेलच्या फाशात घालायचे. मेज: द असेन्शन या खेळातला पॅरडॉक्स, म्हणजे जादू ताणल्याचा उलटा फटका, याच जातीचा, पण त्यावर बोलायला बसलो तर हा व्हिडिओ संपायचा नाही.

मग तुमच्या टेबलवर काय करायचं? पाचवी आवृत्ती चालू असेल तर माझी पहिली शिफारस म्हणजे चढता आकडा. पहिल्या स्पेलला 1 वर सर्ज, म्हणजे जादू उसळून तक्त्यावर जाणं, तो नाही आला तर पुढच्या स्पेलला 1 किंवा 2 वर, मग 3 पर्यंत, असं वाढवत जायचं. सर्ज झाला की पुन्हा 1. साध्या नियमाने पाच स्पेलमध्ये एकदा तरी सर्ज होण्याची शक्यता 23 टक्क्यांच्या आसपास. चढत्या नियमाने ती 56 होते. आणि खरी मजा टक्क्यांत नाही. पाचव्या स्पेलला खेळाडूला माहीत असतं की आता पाचपर्यंत काहीही आलं तर उडणार. तो थांबतो, विचार करतो. जादू न वापरणं हाही एक डाव होतो. आकडा मात्र सगळ्यांसमोर ठेवा, एक जास्तीचा फासा टेबलच्या मध्यभागी ठेवून त्यावर फिरवत राहा.

दुसरं, धोका तोंडाने सांगा. "नाकातून रक्त येतंय. अजून ओढलंस तर पुलाच्या कमानीतला दगड सुटेल. ओढतोस?" काय होऊ शकतं याचा वास आधी आला पाहिजे. नेमकं काय होईल ते फाशाने सांगावं.

आता तक्ता. हिट पॉइंट कापणाऱ्या ओळी मला कंटाळवाण्या वाटतात. 2014 च्या तक्त्यात एक ओळ आहे: पुढच्या पाळीपर्यंत तुम्ही कुंडीतलं झाड होता. हसू येतं खरं, पण नीट बघा. त्या अवस्थेत तुम्ही काही कृती करू शकत नाही आणि प्रत्येक घाव दुप्पट लागतो. म्हणजे कोणीतरी कुंडी उचलून पळायला हवं. एका ओळीने बाकीच्या तिघांना काम दिलं! तसंच पिसांच्या दाढीचं. शिंक येईपर्यंत ती राहते आणि शिंकल्यावर पिसं उधळतात. चतुर खेळाडू ती शिंक दाबून ठेवतो, पहारेकऱ्यासमोर जाईपर्यंत. स्वतःच्या ओळी लिहाल तेव्हा हे तपासा: ही ओळ वाचल्यावर दुसऱ्या खेळाडूला काही करावंसं वाटतं का? वाटत नसेल तर खोडा.

आणि हो, तो फायरबॉल. ही ओळ मी पाचव्या लेव्हलपर्यंत झाकून ठेवतो. सॉर्सररला हे स्पेल रीतसर मिळतं तेच मुळी पाचव्या लेव्हलला. शिवाय धोका सॉर्सररने पत्करलेला असतो, शेजारी उभ्या असलेल्या क्लेरिकने, म्हणजे देवभक्त साथीदाराने, नाही. कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, सुरू होण्याआधी सगळ्यांना एकदा विचारून घ्या. कोणी म्हणालं, "याच्या फाशाने माझं पात्र मेलेलं मला चालणार नाही," तर ते नियम म्हणून लिहून ठेवा.

शेवटचं, अगदी कामाचं. सर्ज आला की पुस्तक शोधण्यात लढाईचा दम जातो. तक्ता छापून सॉर्सररच्या खेळाडूकडेच द्या, आणि डी-ट्वेंटीसोबत शंभराचे फासेही एकदमच टाकायला सांगा. सर्ज नाही आला तर शंभराचा आकडा सोडून द्यायचा. कागद हातात असल्यामुळे काय टळलं हे तो बघणारच. बघू द्या, पण पाळी पुढच्या खेळाडूकडे गेल्यावर.