नैवाशा लेकवर बोटीतून पक्षी बघायचेत? आधी इंजिन बंद करायला सांगा!

नमस्कार मंडळी! केनियाची ग्रुप टूर म्हटलं की सगळ्यांचं लक्ष मसाई मारावर, आणि वाटेत नैवाशा लेकवर एक तास बोट असते, ती बिचारी "टाइमपास" म्हणून उरकली जाते, आमच्या चौदा जणांच्या ग्रुपने पण आधी तेच केलं, म्हणून आज त्या एका तासाबद्दलच बोलणार आहे.

बोटीत बसल्या बसल्या काकांचा पहिला प्रश्न, "फ्लेमिंगो कुठेत?" आता हे नीट ऐका. रिफ्ट व्हॅलीतले, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या लांबलचक खचदरीतले, नाकुरूसारखे बरेच लेक खारे, सोड्याचे, तिथलं शेवाळ खायला फ्लेमिंगो जातात. नैवाशातून मात्र वर दिसणारी एकही नदी बाहेर पडत नाही, तरी पाणी गोडं, कारण ते खालून जमिनीत झिरपत निघून जातं आणि क्षार साठत नाहीत. गोडं पाणी म्हणून मासे, काठाला पपायरसचं, म्हणजे उंच पाणगवताचं, दाट बेट, म्हणून मासे खाणारे पक्षी. म्हणजे इथे फ्लेमिंगो शोधत बसलात तर तास फुकट.

दुसरी चूक वेळेची. आमची बोट जेवण झाल्यावर, अडीचला. नैवाशा हे नावच मसाई भाषेतल्या "खवळलेलं पाणी" अशा शब्दावरून आलंय, दुपारी वारा सुटतो आणि लाटा उठतात, ते आम्हाला अंग भिजल्यावर समजलं 😄 वर इंजिनचा आवाज, चिवड्याच्या पिशव्यांची चुरचुर, आणि कुणीतरी "ए तो बघ!" करून उभं राहणार की पक्षी भुर्र. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही सहा जण स्वतःचे पैसे भरून परत गेलो. स्वेटर घालून बरं का, विषुववृत्त जवळ असलं तरी लेक साधारण १,९०० मीटर उंचीवर आहे, पहाटे कुडकुडायला होतं.

आता खरी ट्रिक. बोटवाल्याला सांगायचं "पोले पोले", स्वाहिलीत म्हणजे हळूहळू, आणि पक्ष्यांच्या अलीकडेच इंजिन बंद करून बोट नुसती वाहू द्यायची. मासेमारीच्या होड्या रोज बघून पक्षी सरावलेले असतात, बसलेल्या माणसांना फारसे घाबरत नाहीत, उभं राहिलेल्याला घाबरतात. सगळे खाली बसलेले, कुणी बोलत नाही, आणि समोर पाण्यात उभी वाळलेली झाडं. ही पिवळ्या खोडाची बाभळीसारखी झाडं एकेकाळी काठावर होती, गेल्या काही वर्षांत लेकचं पाणी वाढलं आणि ती बुडून मेली. माणसांचं नुकसान झालंच, पण पाणकावळ्यांना बसायला आयत्या फांद्या मिळाल्या, एकेका फांदीवर पंख पसरून वाळवत बसलेले.

तिथेच कवड्या खंड्या दिसला. अहो, तोच, आपल्या नदीवर असतो तोच काळा-पांढरा! पाण्यावर एका जागी हवेत थांबलेला, पंख इतके भराभर की दिसेनात, डोकं मात्र खिळा ठोकल्यासारखं स्थिर, चोच खाली. मग दगड पडावा तसा सूर मारला, वर आला तो रिकामा, परत तिथेच जाऊन लटकला. तीनदा हुकला बिचारा, चौथ्यांदा चंदेरी काहीतरी चोचीत. इंजिन चालू असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं.

मत्स्यगरुडाचं सांगतो. पांढरं डोकं, तांबूस पोट, आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या समुद्रगरुडाचा भाऊबंद. बोटवाले शिट्टी मारून मासा फेकतात, मासा बुडू नये म्हणून त्यात पपायरसचा देठ खोचतात, आणि गरुड येऊन उचलतो. फोटो जबरदस्त येतो, खोटं कशाला बोलू, मीही काढलाय. पण मनापासून विचाराल तर त्याने झाडावर मान मागे टाकून दिलेली हाक जास्त लक्षात राहिली, तिला पैसे लागत नाहीत.

दुर्बीण ८×४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या, १० पटीची बोटीत फार हलते. लाइफ जॅकेट घालायचंच. आणि पाण्यात राखाडी खडक दिसला न् त्याला कान असले तर तो पाणघोडा, तिथे "अजून जवळ घ्या" म्हणून बोटवाल्याच्या मागे लागू नका, तो लांबून नेतो ते उगाच नाही.

परतताना जलपर्णीच्या कडेला काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा आणि त्यावर दोन लाल गाठी. आपल्याकडे याच्या भावाला वारकरी म्हणतात. मावशींना तेवढं सांगितलं, तासभर हूं की चूं न केलेल्या मावशींनी हात जोडले आणि जोरात म्हणाल्या, "माउली!" झालं, सगळी दिंडी पाण्यावर धावत सुटली.