हिशेब कोणापुढे मांडायचा?

मित्रहो, आज मी एकाच शब्दावर बोलणार आहे: स्टुअर्डशिप. मराठीत आपण त्याला कधी 'जबाबदार व्यवस्थापन' म्हणतो, कधी 'पालकत्व', तर कधी 'विश्वस्तपणा'. पहिला शब्द कोरडा आहे. दुसऱ्यात माया आहे, पण आईवडिलांकडे कुणी हिशेब मागत नाही, आणि या शब्दाचा सगळा जीव हिशेबात आहे. म्हणून मी तिसऱ्याकडे झुकतो.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'स्टिगवेआर्ड' असा होता. 'स्टिग' म्हणजे घर, मोठ्या घरातलं दालन, आणि 'वेआर्ड' म्हणजे राखणारा. 'स्टिग'चा अर्थ डुकरांचा गोठा असा लावून, स्टुअर्ड म्हणजे मुळात डुकरं राखणारा, असं अजूनही सांगितलं जातं. त्याला आधार नाही. मला जास्त मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. 'लॉर्ड' हा शब्दही 'ह्लाफवेआर्ड'वरून आला, म्हणजे पाव राखणारा. धनी आणि त्याचा कारभारी, दोघांच्याही नावात राखणच आहे.

पण किल्ल्या हातात असल्या की माणूस बदलतो. बाराव्या शतकात स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याने वॉल्टर फिट्झ अ‍ॅलन याला आपला स्टुअर्ड नेमलं. पद वंशपरंपरेने चालत राहिलं, पदाचं आडनाव झालं, आणि 1371 मध्ये त्याच घराण्यातला रॉबर्ट गादीवर बसला. हेच ते स्टुअर्ट राजघराणं. घर राखणाऱ्याचे वंशज घराचे मालक झाले! त्याला राजाशी असलेलं नातंही कारण होतं, रॉबर्टची आई राजकन्या होती. तरी शब्दाचा हा प्रवास विसरण्यासारखा नाही.

धर्मग्रंथाने या शब्दाला वजन दिलं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात एका श्रीमंताचा कारभारी आहे. तो मालमत्ता उधळतो अशी तक्रार येते, आणि धनी त्याला बोलावून म्हणतो, तुझ्या कारभाराचा हिशेब दे. 1611 च्या इंग्रजी बायबलात इथे 'स्टुअर्डशिप' हाच शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमिया', घराची व्यवस्था. 'इकॉनॉमी' त्यातूनच आली. म्हणजे 'इकॉनॉमी' हा शब्दसुद्धा दुसऱ्याचं घर सांभाळणाऱ्या माणसाच्या कामातून गेलेला आहे.

मध्ययुगात इंग्लंडमधल्या जहागिरींवर हा हिशेब वर्षाकाठी तोंडी होत असे. काय हाती आलं, काय खर्ची पडलं, हे वाचून दाखवायचं आणि समोरच्यांनी ऐकायचं. 'ऑडिटर' म्हणजे लॅटिनमध्ये ऐकणारा. हे चित्र मी मनापासून जपतो: एक माणूस उभा राहून सांगतो आहे, आणि ज्याची वस्तू आहे त्याची माणसं कान देऊन ऐकताहेत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द वाड्यातून बाहेर पडला. 1993 मध्ये जंगलांच्या जबाबदार वापरासाठी फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल स्थापन झाली. 2010 मध्ये ब्रिटनमध्ये गुंतवणूक संस्थांसाठी स्टुअर्डशिपची संहिता आली. गुंतवणुकीत मालक कोण ते स्पष्ट असतं: ज्यांची बचत आहे ते लोक. जंगलाच्या बाबतीत प्रश्न अवघड होतो. आणि औषधांच्या बाबतीत तर फारच.

प्रतिजैविकांचं, म्हणजे अँटिबायोटिक्सचं उदाहरण घ्या. रक्तदाबाची गोळी मी घेतली तर तिचा गुण मला येतो, शेजाऱ्याच्या गोळीचा गुण त्याने कमी होत नाही. प्रतिजैविकाचं तसं नाही. त्याच्या प्रत्येक वापरात, योग्य वापरातसुद्धा, तग धरणारे जीवाणू उरतात, वाढतात आणि दुसऱ्यांपर्यंत पोचतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच हा धोका सांगितला होता. गोळीचे पैसे मी दिले, गोळी माझी. पण तिची ताकद माझी एकट्याची नाही. ती अशा रुग्णाचीही आहे, जो अजून जन्मलेला नाही.

हा न जन्मलेला रुग्ण हिशेब ऐकायला येऊ शकत नाही. मग त्याच्या जागी कोण बसणार? 1990 च्या दशकापासून रुग्णालयांत 'अँटिबायोटिक स्टुअर्डशिप' रूढ होत गेली, ती मला याच प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर वाटते. संसर्गतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि फार्मासिस्ट मिळून चालू औषधं तपासतात. प्रयोगशाळेचा अहवाल आला का? याहून मर्यादित पल्ल्याचं, म्हणजे मोजक्याच जीवाणूंवर चालणारं औषध पुरेल का? शिरेतून द्यायची गरज अजून आहे का? दोन-तीन दिवसांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरला विचारलं जातं, हे आज कशासाठी चालू आहे? आणि त्याचं कारण रुग्णाच्या कागदावर लिहिलं जातं.