खवट

[दृश्य: फडताळातून बाहेर येणारा स्टीलचा डबा. झाकण उघडतं.]

दिवाळी होऊन महिना उलटलेला असतो. फडताळात मागे चिवड्याचा एक डबा राहून गेलेला. झाकण काढताक्षणी नाक सांगतं, खवट झाला. चव घेऊन बघायची गरजच पडत नाही.

नाकाला कळलं ते एवढंच, की तेलाचे लांब रेणू हवेतल्या ऑक्सिजनमुळे तुटले आणि त्यांचे छोटे तुकडे हवेत उडाले. त्यांतले बरेचसे अ‍ॅल्डिहाइड जातीचे असतात.

असे तुकडे आपल्या शरीरातही पडतात. आत्ता, हे ऐकत असतानाही.

[दृश्य: पेशीचं पटल, हळूहळू जवळून.]

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचं एक पटल असतं. जाडी साधारण ५ नॅनोमीटर. अशी दोन लाख पटलं एकावर एक ठेवली, तर कुठे एक मिलिमीटर भरेल. सूर्यफुलाच्या आणि शेंगदाण्याच्या तेलात असतं तेच लिनोलेइक आम्ल या पटलातही असतं. त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात, आणि त्यांच्या मधोमध एक कार्बन. या कार्बनने आपला हायड्रोजन अगदी सैल धरलेला असतो. फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला अस्वस्थ रेणू, येतो आणि नेमका तोच ओढून नेतो. मोकळ्या झालेल्या जागी ऑक्सिजन बसतो. आता हा रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो, तो शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. पटलात बसलेलं ई जीवनसत्त्व स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतं. पण ते सगळीकडे वेळेवर पोहोचतंच असं नाही.

१९८० साली इटलीतल्या सिएनाचे बेनेडेट्टी आणि कोम्पोर्ती, आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझचे हेर्मान एस्टरबाउअर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. यकृताच्या पेशींमधली पटलं ऑक्सिडीकरणाने बिघडतात, तेव्हा त्यातून एक विषारी पदार्थ बाहेर पडतो. तो नेमका कोणता, हे त्यांनी ओळखलं होतं. नऊ कार्बनांचं एक अ‍ॅल्डिहाइड, फोर-हायड्रॉक्सीनोनेनाल. संशोधक त्याला एचएनई म्हणतात.

एचएनईकडे इतकं लक्ष का द्यायचं? कारण ते प्रवास करतं. सर्वांत आक्रमक रॅडिकल, हायड्रॉक्सिल, जिथे जन्मतो तिथेच, सेकंदाच्या अब्जाव्या भागात, समोर येईल त्यावर तुटून पडतो आणि संपतो. एचएनई टिकतं. पटल सोडून पेशीच्या आत जातं आणि प्रथिनांना चिकटतं. सर्वांत आधी पकडतं ते सिस्टीनला, म्हणजे गंधक असलेल्या अमिनो आम्लाला.

[दृश्य: एन्झाइमचा त्रिमितीय आराखडा. मध्यभागी गंधकाचा एक पिवळा अणू.]

आणि पेशीतल्या निरोपांची कितीतरी बटणं याच सिस्टीनवर आहेत. एक उदाहरण जरा सावकाश पाहू.

इन्सुलिन स्नायूच्या पेशीवर येऊन बसतं. त्याच्या ग्राहक प्रथिनावर फॉस्फेट चढतात आणि 'साखर आत घ्या' हा निरोप सुटतो. पीटीपी-१बी नावाचं एन्झाइम हे फॉस्फेट उतरवून निरोप थांबवतं. त्याची सगळी मदार २१५ क्रमांकाच्या एका सिस्टीनवर आहे. इन्सुलिन आल्यावर पेशी स्वतःहून थोडंसं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. ते या सिस्टीनचं ऑक्सिडीकरण करतं. एन्झाइम बंद पडतं आणि निरोप थोडा जास्त वेळ चालू राहतो. मग पेशीतले रक्षक रेणू, ग्लुटाथायोनसारखे, सिस्टीन पुन्हा पूर्ववत करतात. मला ही रचना फार सुंदर वाटते. ज्याला आपण नुसती झीज समजत होतो, त्याच ऑक्सिडीकरणाचा पेशी कडी-कोयंड्यासारखा उपयोग करते. हवी तेव्हा लावायची, हवी तेव्हा काढायची.

एचएनईची कडी मात्र सहजासहजी निघत नाही. ते सिस्टीनशी पक्का बंध जोडतं. तरीही थोड्या प्रमाणात तेही निरोप्याचंच काम करतं. केप-१ नावाचं प्रथिन एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला एरवी धरून ठेवतं आणि नष्ट व्हायला पाठवत राहतं. एचएनई केप-१च्या सिस्टीनवर बसलं, की ही पकड सुटते. एनआरएफ-२ केंद्रकात पोहोचतं आणि ग्लुटाथायोन बनवणाऱ्या, एचएनई निकामी करणाऱ्या एन्झाइमांची जनुकं जागी करतं. खवटपणाची चाहूल लागताच घर झाडायला माणसं बोलवावीत, तसं.

निरोगी शरीरात एचएनई १ मायक्रोमोलरच्या (द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक) आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला की पेशीत ते १० मायक्रोमोलरच्या वर जाऊ शकतं, आणि मग चित्र पालटतं. जेएनके नावाचं तणावाचं एन्झाइम जागं होतं आणि पेशीला आत्मनाशाकडे ढकलू लागतं. रोहिणीकाठिण्यात धमन्यांच्या भिंतींवर साठलेल्या थरांत आणि अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत एचएनई चिकटलेली प्रथिनं सापडली आहेत.

[दृश्य: औषधाच्या दुकानातली जीवनसत्त्वांच्या बाटल्यांची रांग.]

मग गोळी घेऊन हे सगळं ऑक्सिडीकरणच थांबवून टाकावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. तसं करूनही पाहिलं गेलं. अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिकोतल्या ३५ हजारांहून जास्त पुरुषांच्या 'सिलेक्ट' चाचणीत काही गटांना रोज ई जीवनसत्त्व दिलं होतं. २०११ साली निष्कर्ष आला. नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण, औषध नसलेली साधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त होतं.

त्याआधी, २००९ साली, जर्मनीत मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी एक लहान पण विचारात पाडणारा प्रयोग केला होता. तरुण पुरुषांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. त्यांतल्या काहींना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत, त्यांच्या शरीराला इन्सुलिनचा निरोप व्यायामामुळे अधिक चांगला ऐकू येऊ लागला. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ही सुधारणा दिसली नाही.

[दृश्य: पहाटे टेकडी चढणारी माणसं. श्वासांचा आवाज.]

चढावर पोटऱ्या भरून येतात, तेव्हा त्या स्नायूंमध्ये ऑक्सिडीकरण वाढलेलं असतं. सिस्टीनवरच्या कड्या लागतात, केप-१ची पकड ढिली होते, एनआरएफ-२ केंद्रकाकडे निघतं. माणूस टेकडीवरून उतरून घरी चहा घेत असतो, तेव्हाही आत ग्लुटाथायोन एकेक कडी काढत असतं.